डॉक्टर, या गोळीचा हिशेब साखरेच्या वहीत मांडू नका

मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण रोज तपासणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर आलेखाचा एक कागद आहे. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा आकडा. नवा रिपोर्ट आला की मी टोकदार पेन्सिलने एक ठिपका देते आणि आधीच्या ठिपक्याला पट्टीने जोडते. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडे नुसते वाचून माझं समाधान होत नाही. ते कुठल्या दिशेला निघालेत हे डोळ्यांनी बघावं लागतं. त्या कागदावर २०१९ पासून २०२१ पर्यंतची रेघ जिन्यासारखी खाली उतरते. मग एक ठिपका एकदम खाली जातो, पुढचा जरा वर येतो आणि पुन्हा तीच उतरण सुरू होते. ती चालते १७ महिने. त्यानंतर मात्र रेघ जवळजवळ आडवी होते.

त्या १७ महिन्यांबद्दल, आणि तेव्हा बंद ठेवलेल्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या साखरेच्या गोळीबद्दल, मला तुमच्याशी बोलायचं आहे.

ह्यांना मधुमेह निघाला २००८ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही न चुकता तपासणीला जात होतो. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी, वजन, रक्तदाब. आकडे बरे असायचे. डॉक्टर खूश, आम्हीही खूश. ११ वर्षांत लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन एकदाही मोजलं गेलं नाही. आम्हाला ते मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी ते लिहून दिलं नाही. २०१९ मध्ये संध्याकाळी पाय सुजायला लागले. मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ उमटलेला असायचा, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तेव्हा तपासण्या झाल्या. किडनी कमी पडली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ५० आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर, ६४०. ते ३० च्या आत असायला हवं. किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून शांतपणे सांगितलं, "हे काल-परवाचं नाही. अल्ब्युमिन बरीच वर्षं झिरपत असणार."

बरीच वर्षं! त्या सगळ्या वर्षांत आम्ही दर तीन महिन्यांनी कुणा ना कुणा डॉक्टरांच्या समोरच बसलेलो होतो.

या पत्रातली माझी तक्रार एकच आहे. मधुमेहाच्या रुग्णाकडे तुम्ही साखरेच्या खिडकीतून बघता आणि साखरेच्या गोळ्यांनाही साखरेच्याच मापाने मोजता. आमच्या घरात दोन माणसांच्या किडन्यांना त्याचा फटका बसला. दोघांचीही हकिगत सांगते, पण त्याआधी ती गोळी काय करते हे मला जसं समजलं तसं मांडू द्या. तुम्हाला हे ठाऊक आहे. तरीही मांडते, कारण हे पत्र रुग्णही वाचतील, आणि तुमच्यातल्या काहींनी ही गोळी ज्या कारणांसाठी बंद केली ती कारणं या यंत्रणेसमोर टिकत नाहीत.

निरोगी माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर जवळपास १८० ग्रॅम साखर गाळणीतून खाली येते. शरीर ती वाया जाऊ देत नाही. गाळणीनंतरच्या नळीच्या सुरुवातीलाच साखर परत रक्तात ओढून घेणारे वाहक बसलेले असतात. त्यातला मुख्य म्हणजे एसजीएलटी-२. साधारण ९० टक्के साखर तो एकटा परत आणतो, आणि प्रत्येक वेळी साखरेबरोबर सोडियमही ओढतो. मधुमेहात गाळली जाणारी साखर वाढते, तसं या वाहकांचं कामही वाढतं आणि सोडियम मोठ्या प्रमाणावर वरच्या वर परत जातं. नळीच्या पुढच्या भागात काही पेशी पहाऱ्यावर बसलेल्या असतात. सोडियम किती येतंय यावरून गाळण नीट चाललंय की नाही याचा अंदाज त्या घेतात. त्यांच्यापर्यंत सोडियम कमी पोचलं की त्यांचा समज होतो की गाळणच कमी होतंय, आणि मग गाळणीत रक्त आणणारी धमनी सैल सोडली जाते. गाळणीतला दाब वाढतो. वर्षानुवर्षं त्या वाढलेल्या दाबाखाली गाळणी झिजते आणि अल्ब्युमिन झिरपायला लागतं.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या तो वाहक अडवतात. साखर लघवीवाटे बाहेर जाते म्हणून रक्तातली साखर उतरते. पण किडनीच्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरीच आहे. सोडियम पुन्हा पहारेकऱ्यांपर्यंत पोचतं, आणणारी धमनी आवळली जाते आणि गाळणीवरचा दाब उतरतो. लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं तोच दाब दुसऱ्या टोकाने उतरवतात, गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करून. म्हणून ही दोन औषधं एकमेकांना पूरक आहेत, एक दिलं म्हणून दुसरं नको असं होत नाही.

आता दाब उतरला तर सुरुवातीला गाळणही थोडं कमी होणारच, नाही का? मी हे वर्गात शिकवत असते तर मुलांना हा प्रश्न विचारला असता आणि मागच्या बाकावरच्यांनीही उत्तर दिलं असतं. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर साधारण ३ ते ५ अंकांनी उतरतो. हे अपेक्षित आहे. ती किडनी बिघडल्याची नव्हे, तिच्यावरचा भार कमी झाल्याची खूण आहे.

ह्यांना ही गोळी किडनीच्या डॉक्टरांनी जून २०२१ मध्ये सुरू केली, तेव्हा ईजीएफआर ४१ होता. महिन्याभराने रिपोर्ट आला, ३७. त्या आठवड्यात किडनीचे डॉक्टर नव्हते, म्हणून आम्ही नेहमीच्या डॉक्टरांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "किडनी उतरतेय. ही नवी गोळी तुम्हाला सोसत नाहीये. आणि तसंही किडनी एवढी कमी झाल्यावर हिचा साखरेवर काही उपयोग होत नाही." त्यांनी गोळीच्या नावावर एक आडवी रेघ मारली. पुढच्या महिन्यात ईजीएफआर ४० आला. आम्हाला केवढा आनंद झाला! बरं झालं वेळेत बंद केली, असं मी स्वतः म्हणाले. त्या दिवशीचा ठिपका मी जरा गडद काढला होता, तो अजून तसाच दिसतो.

त्यानंतरचे १७ महिने रेघ आधीच्याच वेगाने उतरत राहिली, वर्षाला साडेचार अंक. जानेवारी २०२३ मध्ये, ३४ वर असताना, किडनीच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि या वेळी आधीच बजावलं, "पहिल्या महिन्यात आकडा उतरेल. घाबरायचं नाही, मला दाखवल्याशिवाय बंद करायची नाही." आकडा ३१ झाला. तिथून पुढच्या जवळपास तीन वर्षांत तो २८ वर आलाय. म्हणजे वर्षाला सुमारे एक अंक. हिशेब अगदी सोपा आहे. त्या १७ महिन्यांत गेलेले ६ अंक आजच्या वेगाने जायला ६ वर्षं लागली असती.

त्या डॉक्टरांच्या मनात ह्यांच्याविषयी काळजीच होती. रविवारीही फोन उचलणारा तो माणूस आहे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण दोष एका माणसाचा असता तर पत्र त्यांनाच धाडलं असतं. त्यांनी जी दोन कारणं सांगितली तीच दोन कारणं नंतर किती तरी रुग्णांच्या नातेवाइकांकडून मी ऐकली. डायलिसिसच्या प्रतीक्षागृहात माणसं एकमेकांच्या फाइली वाचत बसतात, तुम्हाला ते माहीत असेल.

दुसऱ्या कारणाबद्दल थोडं. किडनीची गाळण कमी झाली की मुळात साखरच कमी गाळली जाते, त्यामुळे ही गोळी साखर फारशी उतरवू शकत नाही. हे खरंच आहे. म्हणूनच ही औषधं आली तेव्हा त्यांच्या माहितीपत्रकात ईजीएफआर ४५ किंवा ६० च्या खाली वापरू नये अशा सूचना होत्या. त्या साखरेच्या हिशेबाने बरोबर होत्या. पण गाळणीवरचा दाब उतरवण्याचं काम साखर किती उतरते यावर अवलंबून नाही, आणि ते खालच्या ईजीएफआरलाही चालू राहतं. किडनीविकारावरच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टाइप २ मधुमेह आणि किडनीविकार असलेल्यांना ईजीएफआर २० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. पुढे ईजीएफआर २० च्या खाली गेला तरी, सोसत असेल तर, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येईपर्यंत ती चालू ठेवता येते. सुरुवातीची उतरण हे सहसा औषध थांबवण्याचं कारण नव्हे, हेही तिथे आहे. ती उतरण फारच मोठी असेल, ३० टक्क्यांहून जास्त, तर शरीरातलं पाणी कमी झालंय का, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस जास्त होतोय का, दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का, हे तपासावं लागतं. ४१ वरून ३७ म्हणजे जेमतेम १० टक्के.

एका माणसाच्या आलेखावरून सिद्धांत होत नाही, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं. म्हणून ह्यांचा कागद बाजूला ठेवा. हजारो माणसांचे कागद तुमच्याकडे आहेत.

२००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन मधुमेही किडनीची घसरण मंदावतात हे सिद्ध झालं. त्यानंतर जवळपास दोन दशकं किडनीच्या रुग्णाला देण्यासारखं नवं काही हाती लागलं नाही. वाट उघडली ती भलत्याच दारातून. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयाच्या दृष्टीने सुरक्षितता दाखवण्याची अट घातली. त्या अटीपोटी झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. औषधाने अपाय होत नाही एवढंच दाखवायचं होतं, प्रत्यक्षात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले आणि किडन्याही जास्त टिकल्या. मग मुद्दाम किडनीसाठी चाचण्या सुरू झाल्या. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची क्रेडेन्स चाचणी प्रसिद्ध झाली. ४,४०१ रुग्ण, सगळे टाइप २ मधुमेही, लघवीतून अल्ब्युमिन जाणारे. किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं, किंवा किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

२०२० च्या डॅपा-सीकेडी चाचणीत ४,३०४ माणसं होती आणि जवळपास सगळ्यांना आधीपासूनचे चांगले उपचारही चालू होते. साधारण अडीच वर्षांत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर असलेल्या १०० जणांपैकी १४ ते १५ जणांवर किडनीचा मोठा आघात किंवा त्यातून वा हृदयविकाराने मृत्यू ओढवला. डॅपाग्लिफ्लोझिनवर असलेल्या १०० पैकी ९ जणांवर. म्हणजे १९ माणसांना ती गोळी दिली की त्यातल्या एकाचा आघात टळतो. तो एक कोण हे कुणालाच आधी कळत नाही. म्हणूनच १९ पैकी प्रत्येकाला ती मिळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच या गटातल्या औषधांना आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे.

याच चाचणीमुळे माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सुरू होते.

त्याला मधुमेह नाही, कधीच नव्हता. त्याला आयजीए नेफ्रोपॅथी आहे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गडबडीने किडनीच्या गाळणीला इजा करणारा आजार. चाळिशीत लघवीला फेस येतो म्हणून तपासलं तर एसीआर ९०० च्या घरात. रक्तदाबाची गोळी पूर्ण डोसवर नेऊनही अल्ब्युमिन पुरेसं उतरेना, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन लिहून दिली. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. औषधाच्या दुकानात चिठ्ठी बघून सहज विचारलं गेलं, "शुगर कधीपासून आहे?" तो गडबडला. घरी येऊन त्याने पाकिटातला कागद उलगडला, त्यावर पहिल्याच ओळीत मधुमेह. त्याला वाटलं, एक तर डॉक्टरांनी चुकीची गोळी दिली किंवा आपल्यापासून काही लपवलं. साखर एकदम उतरून आपण रस्त्यात पडू, ही भीती वेगळीच. चार महिने त्याने गोळी घेतली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "हिने तुमच्यात फरक दिसत नाहीये," तेव्हाही तो गप्प बसला. मला सांगितलं ते एका रात्री फोनवर, फार अपराधी आवाजात.

आता आकडे बघा. डॅपा-सीकेडीत जवळपास एक तृतीयांश माणसांना मधुमेह नव्हता. त्यांत आयजीए नेफ्रोपॅथीचे रुग्णही होते. २०२२ च्या एम्पा-किडनी चाचणीत तर ६,६०९ पैकी निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हता, आणि तिथेही किडनीची घसरण वा हृदयविकाराने मृत्यू हे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर आलं. मधुमेह असो वा नसो, फायदा झाला. ज्याची साखर मुळात बरोबर आहे त्याची ती या गोळीने धोकादायक उतरत नाही, कारण रक्तातली साखर साधारण पातळीला आली की गाळली जाणारीही कमी होते आणि यकृत उरलेली तूट भरून काढतं. हे शेवटचं वाक्य कुणी माझ्या भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चार महिने वाया गेले नसते. ते सांगायला अर्धं मिनिट लागतं, मी घड्याळ लावून बघितलंय.

म्हणून माझी विनंती आहे की मधुमेह नसलेल्या रुग्णाला ही गोळी देताना चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तुमच्या हाताने "किडनीसाठी" एवढा एक शब्द लिहा. तो शब्द औषधाच्या दुकानात वाचला जातो, घरी वाचला जातो, मुलगा-सून वाचतात. रुग्णाला पाठबळ लागतं ते तुमच्या खोलीबाहेर.

ही गोळी सगळ्यांनाच द्या असं मी म्हणत नाही. पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी, असलेले आणि किडनी प्रत्यारोपण झालेले रुग्ण या मोठ्या चाचण्यांमध्ये नव्हते, त्यांच्यासाठी वेगळा विचार लागतो. टाइप १ मधुमेहात रक्तात आम्ल साचण्याचा म्हणजेच कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका मोठा असतो. आणि टाइप २ मध्येही धोका शून्य नाही. विशेष म्हणजे या गोळीवर असताना साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे तो ओळखायला उशीर होतो. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं. घरच्यांनी साखर मोजली, ती ठीक निघाली, म्हणून सगळे निवांत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते नंतर वाचलं. ह्यांना एकदा दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या, पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं, आणि मी मात्र नेमाने सकाळची गोळी हातावर ठेवत होते. आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. उलट्या, जुलाब, ताप, जेवण बंद, अशा वेळी ही गोळी थांबवायची आणि नीट खाणंपिणं सुरू झालं की पुन्हा चालू करायची. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान तीन दिवस आधी थांबवायची. इन्सुलिन मात्र अशा वेळी मनाने पूर्ण बंद करायचं नाही. हे सगळं एका चिठ्ठीवर छापून पहिल्या दिवशीच हातात द्या. तोंडी सांगितलेलं घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट लाजेची आहे. लघवीत साखर जाते म्हणून जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होतो, स्त्रियांना जास्त, पण पुरुषांनाही. ह्यांनी खाज आणि आग तीन आठवडे सोसली आणि अखेरीस गोळी सोडायला निघाले. मलमाने आठवड्यात बरं वाटलं. गोळी बंद करण्याइतकं ते कारणच नव्हतं. पण हा प्रश्न रुग्ण स्वतःहून विचारणार नाही, विशेषतः डॉक्टर तरुण मुलगी असेल आणि रुग्ण साठीचा असेल तर. तुम्हीच विचारा, सरळ शब्दांत, आणि स्वच्छता कशी ठेवायची तेही सांगा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या जुन्या गोळ्या चालू असतील तर त्यांचे डोस कमी करावे लागतात, लघवीच्या गोळ्यांचेही कधी कधी. ते तुमचं क्षेत्र आहे, मी त्यात शिरत नाही.

आता या गोळीच्या पुढेही गाडी गेलीय. आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनची फ्लो चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप २ मधुमेह आणि किडनीविकार असलेले ३,५३३ रुग्ण. किडनीचे मोठे आघात आणि किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले, कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी. तीही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. फिनेरेनोन हे मधुमेहाचं औषध नव्हे, पण मधुमेही किडनीसाठी तेही आहे, फक्त पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते. ह्यांना काय काय द्यायचं हे किडनीचे डॉक्टर ठरवतील. मला एवढंच दिसतं की २० वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना याच आजाराने नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. त्यांनी हात टेकले ते प्रामाणिकपणे टेकले. आज तसं नाही.

जगात सुमारे ८५ कोटी माणसांना किडनीचा काही ना काही विकार आहे असं सांगितलं जातं. त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचं ठाऊक नाही, कारण किडनी निम्म्याहून जास्त जाईपर्यंत दुखत नाही, खुपत नाही. सुजलेले पाय दिसतात ते फार उशिरा. आधी दिसतं ते फक्त लघवीच्या एका नमुन्यात, आणि तोही कुणी मागितला तरच. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्याच्या दिवसापासून दर वर्षी करायची असते. एसीआर ३० च्या वर आला तर ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा खूप व्यायाम अशी कारणं वगळून ती पुन्हा करायची. शिवाय नुसत्या क्रिएटिनिनवर भिस्त ठेवू नका. १.२ आणि १.६ मध्ये रुग्णाला फरक वाटत नाही, पण ईजीएफआर ७० वरून ५० वर आलाय असं म्हटलं की तो खुर्चीत सावरून बसतो. तो आकडा त्याला सांगा. मागच्या वर्षीचाही सांगा, म्हणजे त्याला उतरण दिसेल.

आमच्या जुन्या डॉक्टरांना मी हे सगळं वर्षभरापूर्वी सांगितलं. आलेखाचा कागद घेऊनच गेले होते. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग स्वतःच पेन्सिल मागितली आणि जिथे त्यांनी गोळी बंद केली होती त्या महिन्यावर एक छोटी उभी खूण केली. म्हणाले, "बाई, याची झेरॉक्स मिळेल मला?" आता त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली तो कागद आहे असं त्यांचे रुग्ण मला सांगतात.

तुमच्यापैकी प्रत्येकाकडे मला कागद घेऊन येता येणार नाही. तेव्हा उद्या सकाळी मधुमेहाचा पहिला रुग्ण समोर बसला की त्याची फाइल उलटीकडून चाळा आणि एसीआरचा शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे ते बघा. सापडला नाही, तर साखरेचा आकडा विचारायच्या आधी ती तपासणी लिहून द्या.

आपली,
एका किडनीच्या रुग्णाची पत्नी आणि दुसऱ्याची थोरली बहीण